वीस रात्री

"आई, रोम ठेवायचं की काढायचं?"

रणजितनं पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली होती आणि तो माझ्याकडं बघत होता. रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर त्यानं एक मोठा पांढरा कागद पसरला होता. त्यावर गावांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढं तिथं किती रात्री राहायचं तो आकडा. लंडन तीन, पॅरिस चार, ल्युसर्न चार, व्हेनिस तीन, रोम तीन, व्हिएन्ना दोन, प्राग तीन. बेरीज बावीस येत होती आणि त्याची रजा होती वीसच रात्रींची.

"चालेल," मी म्हटलं.

"काय चालेल? ठेवलं तर चालेल की काढलं तर?"

"दोन्ही चालेल."

वृषाली, माझी सून, लॅपटॉपवरून मान वर न करता हसली. माझ्या या 'चालेल'ची घरात थट्टा व्हायची. पस्तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, तिथं एक टाका वाकडा आला तर उसवायला लावायचे. घरात मात्र कुठल्याही गोष्टीला चालेल. ह्यांनी ठरवलं की मी चालेल म्हणायचे. आता हे नव्हते, तर थोरल्या मुलाला म्हणत होते.

आज त्या रविवारला आठ वर्षं झाली. तेव्हा ह्यांना जाऊन सव्वादोन महिने झाले होते आणि मी रडले नव्हते. ना दवाखान्यात, ना घाटावर, ना पुढं कधी. कराडातल्या बायका म्हणायच्या, डुबलवहिनी खंबीर आहेत. खंबीर कसली! दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तशी मी झाले होते. गाल आहे हे हाताला कळतं, पण तो आपला वाटत नाही. भूक लागली की जेवायचे, दिवा लागला की बसायचे, कुणी भेटायला आलं की चहा ठेवायचे. चहात साखर घातली की नाही ते मात्र आठवायचं नाही.

"वैनी, माझं ऐका, वाटंत दुबई घ्या," भाऊजी म्हणाले. बाळासाहेब, माझे धाकटे दीर. रोज सकाळी मळ्यातून येताना दूध घेऊन यायचे आणि तासभर बसायचे. "दुबई बघितली न्हाई तर परदेश बघितला असं कोन म्हननार?"

"काका, आपलं विमान त्या वाटेनं जात नाही..." वृषाली म्हणाली.

"वाटंत न्हाई? मग वाट वाकडी करा. इमानाला काय, वळवलं की वळतंय."

ही सहल भाऊजींच्या देखतच ठरली होती, म्हणून त्यात आपलाही शब्द चालला पाहिजे असं त्यांना वाटायचं. ठरली ती कृष्णेच्या घाटावर, दहाव्याच्या दिवशी, कावळ्यासमोर.

पिंड ठेवून तास होऊन गेला तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर वीसेक बसले होते, एकही खाली येईना. म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली. मग घरच्यांनी एकेक कबूल करत जायचं, जे मनातलं असेल त्याला कावळा येतो. भाऊजी पुढं झाले. "दादा, बांधाची तक्रार मी मिटवतो." कावळा नाही. "दादा, वैनींना काय कमी पडू देनार न्हाई." कावळा नाही. "दादा, सोसायटीच्या निवडनुकीला हुबा राहत न्हाई, जा." भाऊजींच्या दृष्टीनं हा मोठा त्याग होता, पण कावळ्याला पटला नाही. ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा रणजित हात जोडून पुढं आला आणि म्हणाला, "आबा, आईला परदेशात घेऊन जातो."

एक कावळा फांदीवरून सरळ खाली आला आणि त्यानं भातात चोच घातली.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भाऊजींच्या डोळ्यांना धार लागली. "बघा, मानसाच्या मनात काय हुतं! वैनीला जग दाखवायचं ऱ्हायलं हुतं!" परत येताना गाडीत सगळे तेच बोलत होते. हे म्हणजे, मला कोल्हापूरला सिनेमाला न्यायचं म्हटलं तरी "तिथं काय पडदा मोठाय काय?" असं विचारणारे. त्यांच्या मनात मला जग दाखवायचं होतं यावर कराडनं विश्वास ठेवला. मेलेल्या माणसाबद्दल काहीही चांगलं खरं मानायला लोक तयार असतात.

परदेश म्हणजे काय, ते रणजितला आणि मलाच ठाऊक होतं. परदेशात आमचं एकच माणूस होतं. माझा धाकटा, इंद्रजित. कॅनडात, सस्काटून नावाच्या गावात. ते नाव नीट म्हणायला मला दोन वर्षं लागली होती, आणि तोवर ते म्हणायची वेळच संपली होती. हे जाण्याच्या नऊ वर्षं आधी, दिवाळीच्या तोंडावर, तो तिकडंच रजिस्टर लग्न करून बायकोला घेऊन घरी आला. मुलगी नागपूरची, जात वेगळी, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी आणि पहिला नवरा वारलेला. नाव प्रज्ञा. ह्यांनी दोघांना ओसरीच्या पायरीवरूनच परतवून लावलं. "माझ्या मयतालासुद्धा येऊ नकोस," म्हणाले. पोरगं शब्दाला बापाइतकंच पक्कं. आलं नाही.

घाटावर रणजित जे बोलला, ते मी असं ऐकलं होतं, की आई, तुला इंद्राकडं नेतो. बाकी मला कशातही रस नव्हता. रोज कागदावर नवी गावं चढत होती, आणि मी वाट बघत होते, की तो एकदा तरी त्या गावाचं नाव घेईल. मी आपण होऊन कशी घेणार? मी नवऱ्याच्या धाकातली बाई. सगळं गाव मला तसं ओळखायचं. बिचारी माउली, नवऱ्यापुढं चालली नाही म्हणून पोराला मुकली. असं बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या.

"लंडन काढलं तर?" वृषाली म्हणाली. "त्याला वेगळा व्हिसा लागतो. बाकी सगळ्यांना मिळून एकच. ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडं अर्ज करायचा."

"लागू दे वेगळा," रणजित म्हणाला. "काढू की. दोन अर्ज केले म्हणून हात झिजत नाहीत. लंडन आईनं बघितलंच पाहिजे."

"मी काय बघणार लंडनमध्ये?" मी विचारलं.

"राणीचा राजवाडा."

"आत घेतात?"

"बाहेरून."

"मग चालेल."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पटकन म्हणाला, "बरं, लंडन नको वाटत असेल तर ग्रीस घेऊ. समुद्र आहे. नाहीतर नॉर्वे? तिथं मध्यरात्री सूर्य दिसतो म्हणे. आई, नॉर्वे?" साडीच्या दुकानात गिऱ्हाईक उठायला लागलं की दुकानदार घाईघाईनं आणखी एक घडी उलगडतो, तसं त्याचं चाललं होतं. मी गप्प बसले की तो एक देश काढायचा. आठ दिवसांत त्यानं माझ्यापुढं निम्मं जग पसरलं होतं, आणि जे मला हवं होतं नेमकं तेवढंच कपाटात राहिलं होतं.

भाऊजींचा फोन वाजला. उसाला तोड आली होती, टोळी शेतात येऊन उभी होती. ते चपला घालता घालता म्हणाले, "रणजित, दुबईचं इसरू नको," आणि गेले. त्यांची मोटरसायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबले.

मग मी म्हटलं, "आणि इंद्राचं गाव?"

मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आवाज अगदी साधा निघाला, भाजी काय आणू असं विचारल्यासारखा.

रणजितनं पेन्सिल खाली ठेवली. "ते एकदम दुसऱ्या बाजूला आहे, आई. अटलांटिक ओलांडून."

"असू दे."

"व्हिसाही वेगळा लागतो."

"लंडनलाही लागतोच की. मघाशी तूच म्हणालास, हात झिजत नाहीत."

वृषालीनं लॅपटॉप मिटला. "सांगा आता त्यांना," ती म्हणाली. "किती दिवस देश वाढवत बसणार?"

"वृषाली, तू..."

"मी काही बोलत नाही. पण त्या वाट बघताहेत. रोज तुमच्या पेन्सिलकडं बघतात. तुम्हाला दिसत नाही?"

रणजित उठला, माठातलं पाणी प्यायला आणि परत येऊन बसला. त्याचं वय तेव्हा त्रेचाळीस. कारखान्यात दीडशे माणसं त्याच्या हाताखाली. तो माझ्यासमोर पाढे विसरलेल्या पोरासारखा बसला होता.

"मी तेराव्यालाच त्याला फोन केला होता," तो म्हणाला. "म्हटलं, आईला घेऊन येतो. तो नको म्हणाला."

"आबांचा राग अजून गेला नाही त्याचा?"

"आबांवर राग नाही त्याचा."

"मग?"

"सोड ना, आई. बोलला तो काहीतरी रागात. आपण दुसरीकडं जाऊन येऊ. चांगलं तीन आठवडे फिरू..."

"काय म्हणाला?"

"आई..."

"जसं म्हणाला तसं सांग."

रणजित कागदाकडं बघून बोलायला लागला. "म्हणाला, आबांनी जे करायचं ते तोंडावर केलं. त्यांचं माझं भांडण होतं, ते गेले, भांडण संपलं. पण आई त्या दिवशी भाकरतुकडा घेऊन आली होती. उंबऱ्यापाशी उभी होती. प्रज्ञानं बघितलं. तिला ठाऊक होतं तो कशासाठी असतो. सुनेवरून ओवाळून टाकतात. म्हणून तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि ती वाट बघत उभी राहिली. चार पावलं होती, म्हणाला. आईनं ओढणीकडं बघितलं आणि ती वळून आत गेली. म्हणाला, दादा, मी बापाला सोडून देईन. पण ओढणी डोक्यावर घेऊन उभी राहिलेली ती मला अजून दिसते."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. छातीत कळ येईल, निदान रडू तरी फुटेल. काही झालं नाही. आंब्याच्या रंगाची ओढणी होती ती. दोन्ही हातांनी तिनं ती वर घेतली होती आणि मान थोडी खाली घातली होती. मी ते नीट बघितलं होतं.

मी कागद माझ्याकडं ओढला.

"व्हेनिसला तीन रात्री फार होतात," मी म्हटलं. "दोन कर. पॅरिसचीही एक काढ. मग रोम राहू दे."

वृषालीनं तोंडावर हात घेतला. रणजित माझ्याकडं बघत राहिला. तो कधी माझ्याशी आवाज चढवून बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. हळूच म्हणाला,

"आई, तू आत्तासुद्धा आतच चाललीस."

थोबाडीत बसावी तसं मला ते बसलं. कारण ते खरं होतं, आणि त्याला वाटत होतं त्याहून जास्त खरं होतं. त्यालाही वाटत होतं, की आई आबांना भिऊन आत गेली. सगळ्यांनाच वाटत होतं, आणि मी नऊ वर्षं ते वाटू दिलं होतं. बायकांनी हात हातात घेतला की घेऊ दिला होता. खरं असं होतं, की भाकरीचा तुकडा मी मोडून आणला तो रीत म्हणून, हाताला सवय म्हणून. आणि हे ओसरीवर गरजले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. जे मला बोलायचं होतं ते कुणीतरी बोललं होतं. आता मला बोलावं लागणार नव्हतं, वाईट व्हावं लागणार नव्हतं. मी आत जाऊन तो तुकडा ओट्यावर ठेवला आणि भाताला फोडणी टाकली. ती पोर दारात उभी असताना माझा हात थरथरलासुद्धा नाही.

"त्याला फोन लाव," मी म्हटलं.

"आत्ता?"

"तिकडं किती वाजले असतील?"

"रात्रीचे साडेनऊ. पण आई, काय बोलणार आहेस? ठरवून तरी घे."

"लाव."

त्यानं लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तीन वेळा वाजला.

"बोल, दादा."

आवाज जाड झाला होता. रस्त्यात ऐकला असता तर ओळखला नसता.

"मी आहे," मी म्हटलं.

पलीकडं मागं कुठंतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"दादानं सांगितलं मला, तू काय म्हणालास ते. बरोबर म्हणालास. फक्त एक चुकलं तुझं. तुला वाटत असेल, आबांच्या भीतीनं मी आत गेले."

"तसंच ना?"

"नाही. मलाच ती नको होती. आबा घरात नसते तर मी काय केलं असतं, देव जाणे. ते होते म्हणून मला तोंड उघडावं लागलं नाही. तिनं ओढणी घेतली डोक्यावर, ती मी बघितली. बघून गेले मी आत."

समोर रणजितचा चेहरा उतरला होता. त्याच्या मनातल्या आईला मी त्याच्या डोळ्यांदेखत काढून टाकत होते. मला थांबता येत नव्हतं.

"ती वाईट होती म्हणून नाही. लोक काय म्हणतील म्हणूनही नाही, ते नंतरचं. मला नको होती, बस. आणि मग नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगू दिलं, की माझं काही चाललं नाही. चुकले मी, इंद्रा. चुकले म्हणजे काय, केलंच ते."

त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, मराठीत, "कोण आहे?" त्यानं तिला उत्तर दिलं नाही.

"हे सांगायला नऊ वर्षं लागली तुला?" तो म्हणाला.

"हो."

"दादा कधी यायचं म्हणत होता?"

"एप्रिलात. त्याला तेव्हा रजा आहे."

"एप्रिलात नको. इथं तेव्हाही बर्फ असतो, घसरून पडशील. जूनमध्ये या."

"बरं," मी म्हटलं.

"आणि हॉटेलात उतरायचं," तो म्हणाला. "घरी ये, असं मी म्हणणार नाही. ते प्रज्ञानं म्हणायचं. ती म्हणेल की नाही मला माहीत नाही, आणि मी तिला सांगणार नाही. तू आत्ता जे बोललीस ते तिला मी सांगू?"

"सांग. नाहीतर नको, मी सांगते. आले की तिच्यासमोरच सांगते."

"बघ बाई," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

मी फोन टेबलावर ठेवला. सव्वादोन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती. ह्यांची कधी वाटली नव्हती एवढी भीती मला त्या नागपूरच्या पोरीची वाटत होती. वृषाली उठून माझ्या खुर्चीमागं आली, पण तिनं मला हात लावला नाही. तेव्हा मला ते बरं वाटलं.

"काय म्हणाला?" रणजितनं विचारलं. आवाज बसला होता त्याचा.

"जूनमध्ये या म्हणाला. हॉटेलात उतरा म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

मला वाटलं, आता तो उठून जाईल, आणि गेला असता तर मी काही म्हटलं नसतं. पण त्यानं कागद उचलला, पालथा घातला, आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्या गावाचं नाव लिहिलं. नावापुढं पेन्सिल टेकवून थांबला.

"जूनला रजा परत मागावी लागेल," तो म्हणाला. "मिळेल. किती रात्री लिहू? चार दिवस तिथं आणि मग दुसरं काही..."

"आणि प्रज्ञा भेटायला तयार झालीच नाही तर?" वृषाली म्हणाली. "हॉटेलच्या खोलीत बसून काय करणार आपण?"

"बसायचं," मी म्हटलं. "तिला किती दिवस लागतील ते आपल्याला काय माहीत?"

"मग किती लिहू, आई?"

"सगळ्या."